दस्तगीर मामांच्या काचा

दस्तगीर मामांनी मला पहिल्यांदा हात दिला तो मी रंगमंचावरून पडल्यावर. त्यातही त्यांनी आधी माझ्या कॅमेऱ्याची फुटलेली काच वेचून घेतली आणि मग मला उचललं.

आमच्या महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन होतं. मी तिथं मराठी शिकवतो. त्या वर्षी मी नवा कॅमेरा घेतला होता आणि कुणीही न सांगता स्वतःला संमेलनाचा छायाचित्रकार नेमलं होतं. अंगात अकरा खिशांचं जाकीट होतं. सोलापूरच्या उकाड्यात असलं जाकीट घालणारा माणूस एकतर कलावंत असतो किंवा मूर्ख. मी दोन्हीची सोय केली होती. अकरापैकी एका खिशात पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, बाकी दहा रिकामे. समूहनृत्य चालू होतं, बारा मुली, आणि माझ्या चौकटीत नऊच बसत होत्या. उरलेल्या तिघींसाठी मी एकेक पाऊल मागे सरकत गेलो. अकरावी मुलगी आत आली आणि रंगमंच संपला.

खाली पडल्यावर डोळ्यांसमोर आधी एक खाकी पायजमा दिसला. मग लांबसडक बोटं दिसली, आणि ती बोटं माझ्याकडे न येता शेजारी पडलेल्या काचेच्या तुकड्यांकडे गेली. त्यातला एक तुकडा उचलून मामांनी रंगमंचाच्या दिव्यासमोर धरला. एक डोळा मिटला.

"चांगली व्हती काच," ते म्हणाले. "सर, लागलं का?"

मामा आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सेवक होते. पोरं त्यांना मामा म्हणत, प्राध्यापकही मामा म्हणत. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले आमचे प्राचार्यही मामाच म्हणत. उंच, वाळकी अंगकाठी, कानावरचे केस पांढरे, आणि चौपन्नाव्या वर्षीही डोळ्यांना चष्मा नाही. दुसऱ्यांचे चष्मे मात्र त्यांच्या खोलीत ढिगाने होते. त्यांचं शिक्षण किती झालं होतं हे मला कधी कळलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही. माझं किती झालं आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी ते कधी तोंडावर आणलं नाही.

त्यांना एक सवय होती. हातात येईल ती वस्तू ते उजेडाला धरत. "उजेडाला धरून बघू की," हे त्यांचं पालुपद. चहाचा रिकामा ग्लास, औषधाची बाटली, पोरींच्या फुटलेल्या बांगड्या, एखाद्या पोराने आणलेला आजारपणाचा दाखलासुद्धा. माझा कवितासंग्रह आला तेव्हा मी त्यांना एक प्रत सही करून दिली. त्यांनी मधलं एक पान उजेडाला धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "सर, मागचं अक्षर फुडं दिसतंय. पातळ हाय."

ते कागदाबद्दल बोलत होते, असं मी अजूनही धरून चालतो.

तर संमेलनानंतर आठ दिवसांनी मी माकडहाड सांभाळत स्टाफरूममध्ये बसलो होतो. पुण्याच्या दुरुस्तीवाल्याने माझी लेन्स बघून, नवीन घ्या, एवढंच सांगितलं होतं. मामा आले आणि त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं. उघडून बघतो तर सांडपाण्याच्या करड्या नळीचा वीतभर तुकडा. त्यात दुसरी जरा बारीक नळी घातलेली, आत-बाहेर सरकणारी. एका टोकाला माझ्याच कॅमेऱ्याचं झाकण, मधोमध गोल कापून बसवलेलं. दुसऱ्या टोकाला जाडजूड काच.

"स्लाइडच्या मशीनची काच हाय," मामा म्हणाले. "मंद्रूपच्या बाजारात भंगारवाल्याकडं गावली. आतनं फळ्याचा काळा रंग मारलाय. उजेड हिकडंतिकडं उड्या मारत न्हाय मग."

मी तोपर्यंत छायाचित्रणावरची दोन पुस्तकं वाचली होती. म्हणून भुवई उंचावून विचारलं, "एफ किती आहे याचा?"

मामांनी नळीच्या तोंडातून एक पत्र्याची गोल चकती काढून दाखवली. "एफ न्हाय सर, अर्धा इंची नळाचं वायसर हाय. ऊन लई असलं की ह्ये बारकं घालायचं. सावली असली की मोठं. ढग आलं की काढून खिशात ठेवायचं."

अशा रीतीने माझ्या जाकिटाच्या दुसऱ्या खिशाला काम मिळालं.

त्या नळीतून पहिला फोटो काढला तो प्राचार्यांचा. त्यांचा डावा कान लख्ख आला. बाकीचा चेहरा लोण्यासारखा वितळत गेलेला, आणि मागच्या कडुनिंबाच्या पानांची सगळी उजेडाची वर्तुळं झालेली. प्राचार्यांना तो फारच आवडला. सुरकुत्या नाहीशा झाल्या होत्या. त्यांनी तो मोठा करून केबिनमध्ये लावला. बायकोला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "हा चांगला आलाय. म्हणजे चेहरा दिसत नाही, ते." पण मी तोवर कलावंत झालो होतो. कौतुकातला पहिला भाग ऐकायचा आणि दुसरा सोडून द्यायचा, हे मला जमायला लागलं होतं.

मामांची जागा म्हणजे प्रयोगशाळेच्या मागची छोटी खोली. उत्तरेला एक खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर तीन पत्र्याचे डबे. डब्यांवर खडूने लिहिलेलं: 'बरी', 'लई बरी' आणि 'बघू'. जगातल्या सगळ्या काचा या तीन डब्यांत मावत. जुन्या झेरॉक्स मशीनच्या काचा, एक डोळा फुटलेल्या दुर्बिणीतल्या, दारातून बाहेर कोण आलंय हे बघायच्या भिंगातल्या, बॅटरीच्या, चष्म्याच्या दुकानात लोकांनी करायला टाकून न नेलेल्या. त्यांनी गावोगावचे बाजार पालथे घातले होते. पण त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. कधीच नव्हता. मी एकदा म्हटलं, "मामा, तुम्ही एखादा साधा घ्या की."

"कशाला?" ते म्हणाले. "मला कुटं फोटो काढायचेत? ह्या काचंतनं जग कसं दिसतंय त्येवढं बघायचंय. तुमी काढताव, मी बघतो."

माझ्याकडे कॅमेरा होता आणि दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे आमचं जमलं. पुढच्या सहा वर्षांत त्यांनी मला पंधरा-सोळा लेन्स करून दिल्या. प्रत्येक लेन्स काहीतरी बिघडवायची, आणि नेमकं काय बिघडवायची ते बघण्यातच मामांना गोडी होती. एकीत सगळं जग गरगरल्यासारखं दिसे. एकीत प्रत्येक पांढऱ्या वस्तूला निळी किनार येई. एकीच्या नळ्या घट्ट बसल्या म्हणून मामांनी आतून खोबरेल तेल लावलं. ऑक्टोबरमध्ये लोण्यासारखी फिरायची. डिसेंबरात एके सकाळी मी पक्ष्यांचे फोटो काढायला तलावावर गेलो तर तेल थिजलेलं. नळी हलेना. मी ती काखेत धरून ऊब देत पाऊण तास बसलो. शेजारी कॉलेजातली दोन पोरं व्यायामाला आली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर काखेत नळी धरलेल्या माणसाचं चित्र होतं. चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. माझ्या फोटोंपेक्षा.

पण खरी शोभा झाली ती ग्रंथपालांच्या मुलीच्या लग्नात. मे महिना, अक्कलकोट रोडचं मंगल कार्यालय. तिथं नेहमीचा फोटोवाला होताच, पण मी 'काही वेगळे क्षण' टिपायला गेलो होतो. लेन्स दोन तास स्कूटरच्या डिकीत होती. मे महिन्यात सोलापुरात स्कूटरच्या डिकीत अंडं ठेवलं तर उकडून निघेल. मामांनी त्या लेन्सची काच आत चिकटवली होती ती गरम करून लावायच्या गोंदाने. मंगलाष्टकं संपत आली, शेवटचं 'सावधान' झालं, मी खुर्चीवर चढून कॅमेरा खाली रोखला, आणि काच नळीतून सुळकन निसटून नवरीच्या मावशीच्या हातातल्या अक्षतांच्या ताटलीत पडली. मावशींचं लक्ष नवरीकडे. त्यांनी मूठ भरली आणि जोरात टाकली. काच थेट नवरदेवाच्या छातीवर बसली. तो "अयाई" म्हणून ओरडला आणि त्याच क्षणी बँड सुरू झाला. मी खुर्चीवर उभा राहून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मी मामांना रंगवून सांगितलं. ते हसले नाहीत. पहिला प्रश्न, "काचंला चरा गेला का?" नवरदेवाची चौकशी दुसरी. मग म्हणाले, "चूक माझी हाय सर. सोलापूरचं ऊन मी धरलंच न्हाय."

त्यानंतर त्यांनी गोंद सोडला आणि नळवाले सांधे बुजवायला वापरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, वापरायला लागले. आणि प्रत्येक नवी लेन्स माझ्या हातात द्यायच्या आधी ती एक अख्खा दिवस सायकल स्टँडच्या पत्र्यावर उन्हात ठेवायची, असा नियम केला. संध्याकाळी शिडी लावून स्वतः वर चढत, लेन्स हलवून बघत, आणि खाली येऊन सांगत, "पत्र्यावर पास झालीय. घ्या."

ते लेन्सना नावं देत. नळीवर खडूने लिहीत आणि कुणी बघायच्या आत पुसत. मला ते एकदा चुकून दिसलं. एकीवर 'प्राचार्य' होतं. मी विचारलं तर ओशाळून म्हणाले, "ह्यात समदं मावतंय सर, पण नेमकं काय बघायचं त्ये कळत न्हाय." दुसरीवर 'ग्रंथपाल'. "मधलं तेवढं लख्ख. बाजूला आग लागली तरी दिसायची न्हाय." मी पोट धरून हसलो. हसता हसता तिसरी नळी उचलली. तिच्यावर 'मराठी सर' होतं.

"वाईट न्हाय हो," मामा घाईने म्हणाले. "रंग लई ग्वाड देतीय. मानसं शोभून दिसत्यात. फकस्त समोरनं उजेड पडला की आंधळी हुती."

मी आणखी मोठ्याने हसलो. घरी पोचेपर्यंत हसत होतो.

समोरून उजेड पडला तो गेल्या वर्षी. शहरातल्या एका सभागृहात माझ्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. भरवणाऱ्या मंडळाचा सचिव माझा विद्यार्थी होता, हे प्रदर्शन मिळण्याचं एकमेव कारण. पण तेव्हा मला ते माझ्या कलेचं यश वाटलं. मुख्य फोटोसाठी मला एक लख्ख चित्र देणारी लेन्स हवी होती. वितळलेले चेहरे किती लावणार?

मामांना सांगितलं. ते टेबलाशी जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी प्रयोगशाळेतलं कपाट उघडलं. आत एक जुना स्पेक्ट्रोमीटर होता, उजेडाचे रंग वेगळे करून मोजायचं यंत्र, बैठक तडकलेला, कित्येक वर्षं न वापरलेला. त्याच्या दुर्बिणीच्या तोंडाशी बारकं भिंग होतं.

"ह्याच्यासारखी काच मी बघितली न्हाय सर," मामा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "दोन काचा एकीला एक जोडलेल्या हायेत. रंग फुटत न्हाय. पंधरा वर्सं झाली, महिन्यातनं एकदा काढतो, उजेडाला धरतो आन परत लावून ठेवतो."

"मग बसवा की हीच."

"ही कॉलेजची हाय सर."

"अहो, पडूनच आहे ना? मी प्राचार्यांना अर्ज देतो. रीतसर परवानगी घेतो. तुम्ही बसवा."

"अर्ज देताव नक्की?"

"दिलाच समजा," मी म्हणालो.

अर्ज लिहायला मी त्या रात्री बसलोही. मराठीच्या प्राध्यापकाने साध्या भाषेत अर्ज लिहिणं बरं दिसत नाही. 'सविनय सादर' लिहावं की 'सादर निवेदन', यात अडकलो. तेवढ्यात प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेचा मजकूर तपासायला आला. त्यात माझं नाव होतं. अर्ज राहिला.

मामांनी मात्र दोन दिवसांनी लेन्स आणून दिली. तिच्यातून मी विडी वळणाऱ्या एका म्हातारीचा फोटो काढला. हौशी छायाचित्रकाराला लागते तशीच ती होती, भरपूर सुरकुत्यांची. पण त्या काचेने जे केलं ते मी आजही नाकारणार नाही. तिच्या नखातली तंबाखूची भुकटी दिसत होती, आणि तरी चेहऱ्यावरचा उजेड मऊ होता. मामांनी तो फोटो बघितला, उजेडाला धरला, आणि पहिल्यांदाच "लई बरी" म्हणायचं विसरले.

प्रदर्शनाला एक वार्ताहर आला. मी त्याला अर्धा तास दिला. त्याने पाच मिनिटं मागितली होती. 'टाकाऊतून सौंदर्य' वगैरे बोललो. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या भंगारातून मी लेन्स घडवतो, असं म्हणालो. 'मी' म्हणालो, 'घडवतो' म्हणालो. शेवटी त्यात 'एका सेवकाच्या मदतीने' हेही घातलं. नाव घातलं नाही. वाक्य दोन शब्दांनी लांबलं असतं म्हणून असेल.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. माझा फोटो, म्हातारीचा फोटो, आणि मथळ्यात 'प्रयोगशाळेतील भंगार'. मी दहा प्रती घेतल्या. अकरावी प्रत संस्थेच्या कार्यालयात पोचली होती आणि तिथं कुणीतरी साधा प्रश्न विचारला होता: कुठलं भंगार? प्रयोगशाळेतली कोणतीही वस्तू मोडीत काढायची तर ठराव लागतो. तसा ठराव झालेला नव्हता.

चौकशी समिती नेमली गेली. चौकशी माझी नाही. मी फोटो काढणारा. चौकशी काचा हाताळणाऱ्याची. दोन महिन्यांनी मामा निवृत्त होणार होते. चौकशी मिटेपर्यंत त्यांचे कागद पुढे जाणार नव्हते.

त्या आठवड्यातली एक गोष्ट मला सांगायला नको वाटते, म्हणून सांगतो. संध्याकाळी मी स्टाफरूमच्या खिडकीत उभा होतो. मामा फाटकाशी पोचले. नवा वॉचमन कसानुसा होऊन काहीतरी म्हणाला. त्याला वरून सांगितलं असणार. मामांनी सायकल तिथंच उभी केली, पिशवीतून जेवणाचा डबा काढला आणि एकेक कप्पा उघडून त्याच्यासमोर धरला. रिकामे कप्पे. वॉचमन बघत नव्हता, तरी ते धरून उभे राहिले. मग त्यांनी वर बघितलं. मी खिडकीतून बाजूला झालो.

समितीत उपप्राचार्य आणि आणखी दोघं होते. आणि इतिवृत्त लिहायला मी. माझं मराठी चांगलं म्हणून.

मामा आले ते माझ्याकडून परत घेतलेल्या सगळ्या लेन्स गोधडीच्या पिशवीत घेऊन. उपप्राचार्यांनी विचारायच्या आत त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बारीक स्क्रू काढायच्या पेचकसाने एकेक लेन्स उघडायला सुरुवात केली. काच काढायची, कागदावर ठेवायची, सांगायचं.

"ही मंद्रूपच्या बाजारातली. ही अकलूजला पावन्याकडं लग्नाला गेलतो, तितनं दुर्बीण आणली, तिची. ही चष्म्याच्या दुकानातली, कुणी न्यायला आलं न्हाय म्हणून दिली त्यांनी. ही आमच्या घराच्या दारातली, दार बदललं तवाची."

पंधरा लेन्स उघडून झाल्या. सहा वर्षांचं काम अर्ध्या तासात पेपरवर काच, नळी, वायसर असं वेगळं होऊन पडलं. शेवटची लेन्स हातात घेतली. माझ्या म्हातारीची. समितीतल्या कुणालाही एक काच दुसरीपासून ओळखता आली नसती. मी मनात म्हणत होतो, मामा, मंद्रूप म्हणा. दुधनी म्हणा. काहीही म्हणा.

"ही कॉलेजची," मामा म्हणाले. आणि ती त्यांनी बाकीच्यांपासून वीतभर बाजूला ठेवली.

"कुणाच्या परवानगीने काढली?" उपप्राचार्यांनी विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. "कागूद न्हाय माझ्याकडं," एवढंच म्हणाले.

मी खाली मान घालून लिहीत होतो. मला भराभर लिहिता येतं. लिहून झाल्यावर उपप्राचार्य म्हणाले, वाचून दाखवा. मी वाचलं: "सदर भिंग प्रयोगशाळेतील कपाटातून काढण्यात आले व छायाचित्रणाच्या कामी वापरण्यात आले." शेवटी समज देण्याची शिफारस, वगैरे. बावीस वर्षं मी पोरांना कर्मणी प्रयोग शिकवतोय. त्याचा इतका उत्तम उपयोग मी आधी कधी केला नव्हता.

सहीसाठी कागद मामांसमोर सरकवला. त्यांनी तो हातात घेतला. सवयीप्रमाणे उजेडाला धरतील असं वाटलं, पण त्यांनी टेबलावरच ठेवून, ओळीखाली बोट फिरवत, सावकाश वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"सर," ते म्हणाले, "ह्यात मानूसच न्हाय की."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यात टोमणाही नव्हता. एखाद्या लेन्समधला दोष सांगावा तसं त्यांनी सांगितलं. मला वाटतं, त्यांना तो खरोखरच कागदातला दोष वाटला होता. खोलीत पंखा फिरत होता. मी पेनाचं टोपण लावलं.

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

"काय?" उपप्राचार्य.

"मामा नको म्हणत होते. मी म्हटलं, अर्ज देतो, तुम्ही बसवा. अर्ज मी दिला नाही." एवढं बोलल्यावर थांबायला हवं होतं, पण मी पुढे म्हणालो, "'सविनय' आणि 'सादर' यांत जरा अडकलो."

उपप्राचार्यांनी चष्मा काढला. बाकीचे दोघं हसू दाबत होते. मामा हसले नाहीत. मी कागद ओढून घेतला, ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: 'हे भिंग मी काढायला लावले.' त्याखाली सही केली. बावीस वर्षांतलं माझं सर्वांत साधं वाक्य असेल.

पुढे फार काही झालं नाही. मला लेखी समज मिळाली. ती मला माझ्याच मसुद्यावरून, माझ्याच भाषेत आली, फक्त आता तिच्यात माणूस होता. भिंग परत स्पेक्ट्रोमीटरवर बसवून कपाटात गेलं. मामांचे कागद पुढे गेले. बातमीच्या दहा प्रतींचं काय केलं, ते बायकोला विचारा. तिने त्या कपाटाच्या खणांत अंथरल्या आहेत.

निरोप समारंभाला मला बोलायला सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरलो. त्यांच्या आधी माझेच डोळे भरून आले आणि पुढच्या रांगेतली पोरं खूश झाली. कार्यक्रमानंतर मामांनी म्हातारीच्या लेन्सची ती रिकामी नळी माझ्या हातात दिली. मी म्हणालो, "मामा, मी त्या दिवशी आधीच बोलायला पाहिजे होतं."

"बोललाव की," ते म्हणाले. "नळी असू द्या. काच गावंल एखादी." आणि चहाकडे गेले. त्यांनी मला माफ केलं की विषय संपवला, ते मला त्या वेळी कळलं नाही.

निवृत्तीनंतर ते दुधनीला लेकीकडे राहायला गेले. ऑक्टोबरच्या परीक्षेला मला त्याच गावात पर्यवेक्षक म्हणून जावं लागलं. दुपारी मोकळा झालो आणि पत्ता विचारत निघालो. निम्मी दुकानं कानडीत बोलत होती, मी हातवारे करत होतो. शेवटी एका पानवाल्याने गल्ली दाखवली.

गल्लीच्या टोकाला घराच्या ओट्यावर बिस्किटांचं मोठं खोकं तिपाईवर ठेवलेलं. खोक्यातून एक नळी थेट माझ्याकडे रोखलेली. खोक्याच्या मागे जुन्या चादरीखाली कुणीतरी वाकून बसलेलं, आणि चादर हसत होती. म्हणजे आतलं माणूस इतकं हसत होतं की चादर हलत होती. शेजारी मामा उकिडवे बसले होते, एक हात नळीवर. नंतर कळलं की खोक्याच्या मागच्या बाजूला त्यांनी तेलकट कागद ताणून बसवला होता. त्या कागदावर अख्खी गल्ली उलटी पडते.

चादरीखालून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "अजी, कोन तो बी आरा! पावां उप्पर, मुंडी नीचे!"

त्या मामांच्या पत्नी होत्या. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या लेन्स गळ्यात घालून हिंडलो आणि त्यांचं घर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो.

मामांनी मान वर केली. मला बघितलं. चेहऱ्यावर सावकाश हसू पसरलं.

"सर हैं, हमारे कालेज के," त्यांनी चादरीला सांगितलं.

मी हात जोडून पुढे निघालो, तोच त्यांनी तळहात दाखवला. "तितंच थांबा सर. हलू नका. आत्ता कुटं नीट दिसाय लागलाव."

मी थांबलो. गल्लीच्या मधोमध, उन्हात, जोडलेले हात तसेच ठेवून. चादरीखाली हसू वाढत गेलं आणि मामा नळी केसभर मागे, केसभर पुढे सरकवत राहिले. मागून एक टमटम आली, हॉर्न वाजवायला लागली. मी हललो नाही.